बास्केटबॉलच्या निकालात असिस्टही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर शालेय आणि आंतरकॉलेज बास्केटबॉलचे निकाल येतात. क्रिकेटच्या गर्दीत या खेळाला जागा मिळते, त्याबद्दल आधी मनापासून आभार. निकाल साधारण असा असतो: अमुक शाळेने तमुक शाळेवर ४८-४१ अशी मात केली, विजयी संघाकडून एकीने १९, दुसरीने ११ गुण केले, पराभूत संघाकडून एकीने १४. या तीन ओळींबद्दलच मला लिहायचं आहे: त्यांत असिस्टही, म्हणजे जिच्या पासामुळे थेट बास्केट झाली तिची नोंदही, यावी. मुंबईतल्या कितीतरी मुलामुलींची पुढची वाट या तीन ओळींवर ठरते, आणि गार्ड, म्हणजे चेंडू खेळवत पुढे नेणाऱ्या खेळाडूंचं, नाव त्यांत बहुतेक वेळा नसतं.

मी स्वतः गार्ड. शाळेपासून गार्डच खेळले, खेळावरच बँकेत नोकरी लागली, तिथून निवृत्त झाले. आता नायगाव, माटुंगा, नागपाडा, घाटकोपर, जिथे बोलावतील तिथे सामन्याच्या टेबलावर गुणलेखनाला बसते. त्यामुळे हे निकाल तुमच्यापर्यंत कसे पोहोचतात ते मला आतून माहीत आहे. सामना संपला की तुमचा वार्ताहर, किंवा वार्ताहर आलेला नसेल तर संघटनेचा कुणीतरी, माझ्यासमोरची स्कोअरशीट उचलतो, फोटो काढतो आणि पाठवतो. त्या कागदावर जे असतं तेच छापून येतं.

आता त्या कागदावर काय असतं? आंतरराष्ट्रीय महासंघाची ठरलेली स्कोअरशीट आहे. लाल आणि निळं अशी दोन पेनं घेऊन आम्ही ती भरतो. कुणाच्या नावावर किती गुण, कितवा फाऊल, कोणत्या मिनिटाला टाइमआउट, एवढंच तिच्यात मावतं. दोन गुणांची बास्केट झाली की आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रो असेल तर भरीव ठिपका, तीन गुणांची असेल तर खेळाडूच्या नंबराभोवती गोल. चेंडू कुणी दिला, समोरच्याच्या हातातून कुणी काढला, याला तिथे रकानाच नाही. हा कुणाचा दोष नाही, त्या कागदाचं काम सामन्याचा निकाल कायदेशीर ठरवणं एवढंच आहे. मोठ्या स्पर्धांत आकडेवारीसाठी वेगळी माणसं संगणक घेऊन बसतात. आपल्या शालेय सामन्यांना ती नसतात, म्हणून स्कोअरशीट हीच सामन्याची एकमेव आठवण उरते.

ज्या वाचकांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पाच जणींत चेंडू खेळवत पुढे नेणारी ती गार्ड. आठ सेकंदांत चेंडू आपल्या अर्ध्यातून पलीकडे गेला पाहिजे आणि चोवीस सेकंदांत बास्केटवर फेक झाली पाहिजे. समोरच्यांनी फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे आपल्या बास्केटपासूनच दोघीदोघींनी अंगावर यायला सुरुवात केली, की ती आठ सेकंदं फार लवकर संपतात. गार्डने तेवढ्यात दोघींना चुकवायचं, तिसरीला आपल्याकडे ओढायचं, आणि त्या तिसरीने जिला मोकळं सोडलं तिच्या हातात, तिला उडी मारता येईल अशा उंचीवर, चेंडू द्यायचा. उंच मुलगी तो बोर्डावर टेकवते, जाळी हलते, टाळ्या पडतात. मी माझ्या कागदावर उंच मुलीच्या नंबराची नोंद करते.

नायगावच्या एका चाळीतल्या मुलीला मी अशी वर्षानुवर्षं पाहिली. पाच फुटांच्या थोडी वर. तिच्या शाळेला सिमेंटचं कोर्ट, एका बाजूचा बोर्ड फुटलेला. तिने खेळाच्या वेगाचा ताबा घेतला की समोरचा प्रशिक्षक टाइमआउट मागायचा, हे मी टेबलावरून बघितलेलं आहे, कारण टाइमआउटची खूण मीच करायचे. सतरा वर्षांखालील एका अंतिम सामन्यात तिचे स्वतःचे गुण चार होते. मी स्कोअरशीटच्या बाजूला माझ्या वहीत सवयीने असिस्टच्या काड्या मारत होते, त्या दोन आकडी झाल्या. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत तिच्या संघातल्या उंच मुलीचं नाव आलं, तिनेच सर्वाधिक गुण केले होते. आणि ते योग्यच होतं, ती मुलगीही मेहनती होती.

पुढे एका कार्यालयात स्पोर्ट्स कोट्यातून भरती निघाली. दोघी ट्रायलला गेल्या. ट्रायल म्हणजे अर्धा तास अनोळखी नऊ जणींबरोबर खेळणं. ज्यांच्याबरोबर कधी खेळलेलो नाही अशांत गार्डचा खेळ दिसणं किती कठीण ते खेळलेल्यालाच कळेल. कोण कुठे धावणार हे ठाऊक नसताना पास देणार कुणाला? शेवटी निवड समितीने फायली मागितल्या. प्रमाणपत्रं दोघींची सारखीच होती, संघ एकच होता. उंच मुलीच्या फाईलमध्ये कात्रणं होती. हिच्या फाईलमध्ये संघाचा एक फोटो होता, त्यात ही खाली बसलेली, डावीकडून दुसरी. नोकरी एकीला लागली. हिने नंतर खेळ चालू ठेवला, पण संध्याकाळी सातनंतर, कुरिअर कंपनीच्या काउंटरवरची ड्युटी संपवून.

ही एकटीची गोष्ट असती तर मी पत्र लिहिलं नसतं. आपल्याकडे बास्केटबॉलची कारकीर्द म्हणजे मुख्यतः नोकरी. रेल्वे, तेल कंपन्या, बँका, आयकर, सीमाशुल्क, पोलीस. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडा गुण आहेत. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा संघ इतका भक्कम का, याचं उत्तर त्या नोकऱ्यांतच आहे. पुण्याची शिरीन लिमये रेल्वेकडून खेळत भारतीय संघाची कर्णधार झाली. पुरुषांत वाराणसीचा विशेष भृगुवंशी पाहा. तो गार्ड, नोकरी ओएनजीसीत, अनेक वर्षं देशाचा कर्णधार, २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ॲडलेड थर्टीसिक्सर्सने त्याच्याशी करार केला, २०२० चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. नोकरी हातात होती म्हणून तो तिशीपर्यंत खेळात टिकला आणि पिकला. गार्ड पिकायला वेळ लागतो. उंची सतराव्या वर्षी दिसते, पण कोर्टवरच्या बाकी नऊ जणांचं पुढचं पाऊल वाचायची नजर पंचविशीत येते. म्हणजे गार्डला नोकरीची गरज इतरांपेक्षा जास्त, आणि नोकरीसाठी दाखवायला कागद सगळ्यांत कमी.

बाहेरच्या देशात काय होतं याचं एक उदाहरण देते. २०१५ च्या जूनमध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट झाला, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड. तीस संघांनी मिळून साठ खेळाडू निवडले. बावन्नावं नाव आपल्या पंजाबातल्या सतनाम सिंगचं होतं, सात फूट दोन इंच उंच. डॅलसने त्याला घेतलं आणि एनबीएने निवडलेला पहिला भारतीय म्हणून त्याची नोंद झाली. मला त्या दिवशी झालेला आनंद अजून आठवतो. एनबीएच्या मुख्य स्पर्धेत मात्र त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. त्याच ड्राफ्टमध्ये पिट्सबर्गकडचा टी. जे. मॅकॉनेल नावाचा एक गार्डही आशेवर होता. सहा फूट एक इंच, म्हणजे तिथल्या मानाने बुटकाच. साठांत त्याचं नाव आलंच नाही.

मॅकॉनेलची वाट मी नंतर बारकाईने पाहिली. वडील शाळेतल्या संघाचे प्रशिक्षक. आत्या सुझी हीसुद्धा गार्ड, १९८८ च्या सोल ऑलिंपिकमधल्या सुवर्णपदक विजेत्या अमेरिकन संघातली. तो आधी घराजवळच्या दुकेन विद्यापीठात दोन वर्षं खेळला, मग अ‍ॅरिझोनात गेला. विद्यापीठ बदललं की एक वर्ष बाहेर बसायचं असा तेव्हा नियम होता, तो बसला. नंतर सलग दोन वर्षं, २०१४ आणि २०१५ मध्ये, त्याचा संघ राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत शेवटच्या आठांत पोहोचला आणि दोन्ही वेळा विस्कॉन्सिनकडून हरला. गुण त्याने कधीच ढिगाने केले नाहीत. पण त्याचा प्रत्येक असिस्ट, हिसकावलेला प्रत्येक चेंडू, हातून गेलेला प्रत्येक चेंडू पहिल्या वर्षापासून लिहून ठेवलेला होता. ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही तरी एनबीएच्या फिलाडेल्फिया संघाने त्याला सरावाला बोलावलं आणि संघात ठेवलं. त्या मोसमात फिलाडेल्फिया ८२ पैकी फक्त १० सामने जिंकला. अशा संघातही कुणाला तरी चेंडू नीट पुढे न्यावाच लागतो, ते काम त्याने केलं. चार वर्षं तिथे काढून २०१९ मध्ये तो इंडियाना पेसर्सकडे गेला.

ते साल मुंबईकरांच्या लक्षात असेल. २०१९ च्या ४ आणि ५ ऑक्टोबरला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांचे दोन सामने झाले. एनबीएचे संघ भारतात पहिल्यांदाच खेळत होते. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच. पहिल्या दिवशी सभागृह शाळकरी मुलांनी भरलेलं होतं, सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सने तो १३२-१३१ असा एका गुणाने जिंकला. मॅकॉनेल त्या पेसर्सच्या संघात होता. दुसऱ्या दिवशी आमच्या रांगेतल्या लोकांनी ज्यांच्या नावाचे बनियन घातले होते त्यांत त्याचं नाव नव्हतं.

त्यानंतर ३ मार्च २०२१ ला क्लीव्हलंडविरुद्ध त्याने १६ गुण, १३ असिस्ट केले आणि १० चेंडू हिसकावले. त्यांतले ९ पहिल्या अर्ध्यातच, आणि एका अर्ध्यातला तो एनबीएचा विक्रम ठरला. आणि २०२५ च्या एनबीएच्या अंतिम मालिकेत ओक्लाहोमा सिटीविरुद्ध तिसऱ्या सामन्यात बाकावरून उतरून त्याने १० गुण, ५ असिस्ट आणि ५ स्टील, म्हणजे हिसकावलेले चेंडू, अशी कामगिरी केली. अंतिम मालिकेत बदली खेळाडूने असं कधी केलं नव्हतं. पेसर्सची बास्केट झाली की समोरचा खेळाडू रेषेबाहेरून सवयीने चेंडू आत टाकतो, हा बाजूने झेपावून तो मधेच उचलायचा. पेसर्स मालिका सातव्या सामन्यात हरले. पण तो तिसरा सामना ते ११६-१०७ असा जिंकले. माझ्यासारख्या जुन्या गार्डच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्या पाच चेंडूंमुळे.

आता या माणसाची कारकीर्द आपल्या तीन ओळींत लिहून पाहा. दर सामन्याला दहाच्या आत गुण, ही त्याची सरासरी. आपल्या क्रीडा पानावर त्याचं नाव क्वचितच आलं असतं. एनबीए तरी पहिल्यापासून सगळं मोजत होती असं नाही. चेंडू हिसकावल्याची अधिकृत नोंद तिथे १९७३-७४ च्या मोसमापासून सुरू झाली. त्याआधीच्या गार्डनी किती चेंडू काढले ते आज कुणीच सांगू शकत नाही, ते गेले ते गेलेच. नोंद सुरू झाली म्हणून जॉन स्टॉकटन नावाचा, १९८४ मध्ये सोळाव्या क्रमांकावर निवडलेला, अंगाने साधासुधा गार्ड १९ मोसमांनंतर १५,८०६ असिस्ट आणि ३,२६५ स्टील असे आकडे मागे ठेवून गेला आणि आजही दोन्ही यादींत पहिला आहे. स्टीव्ह नॅश या गार्डला २००५ मध्ये एनबीएच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला तेव्हा त्याची गुणांची सरासरी १५.५ होती. त्याच्यापेक्षा जास्त गुण करणारे कितीतरी होते. पण असिस्टची सरासरी ११.५ होती, आणि ती सगळ्यांच्या समोर होती.

आपल्या मुंबईला याची परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. नागपाड्याच्या मस्तान तलावाच्या कोर्टाने देशाला खेळाडू दिले. भारताचे कर्णधार राहिलेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर नागपाड्याचेच. तिथल्या जुन्या माणसांकडे बसलं की अमुक सामन्यात अमुक गार्डने काय पास दिला होता ते हातवारे करून सांगतात. कागदावर मात्र त्या पासाचा मागमूस नाही. ती माणसं आहेत तोवर तो पास आहे.

फक्त गुण छापल्याचा परिणाम मी रोज कोर्टवर बघते. मुलांना कळतं की नाव कशाने येतं. चौदा वर्षांखालच्या सामन्यात गार्ड चेंडू घेऊन पुढे येतो, डावीकडे सोबती मोकळा उभा असतो, आणि पालकांच्या बाकावरून आवाज येतो, "अरे तूच मार!" मूल मारतं. एनबीएतल्या स्टीफन करीचं कौतुक मलाही आहे, त्याने लहान चणीच्या मुलांना धीर दिला. पण करीच्या लांबच्या फेकी सगळ्यांनी मोबाईलवर पाहिल्या, आणि त्याच्यासाठी सोबत्यांनी लावलेले स्क्रीन, म्हणजे समोरच्याची वाट अडवून उभं राहणं, चेंडू नसताना त्याचं अखंड धावणं, हे त्या तुकड्यांत येत नाही. प्रशिक्षक बिचारे ओरडून थकतात. मी एका प्रशिक्षकाला सामन्यानंतर माझ्या वहीतले असिस्टचे आकडे संघासमोर वाचून दाखवताना पाहिलं. ज्या मुलाचं नाव पहिल्यांदा घेतलं गेलं, त्याचे गुण शून्य होते. त्याने सोबत्यांकडे कसं पाहिलं आणि सोबत्यांनी त्याच्या पाठीवर कशी थाप मारली, ते तुमच्या वार्ताहराने पाहायला हवं होतं. पुढच्या सामन्यात त्या संघातली तीन मुलं पास देण्यासाठी मान वर करून खेळत होती.

काही जण म्हणतील, असिस्ट हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असतं. पास मिळाल्यावर मुलीने दोन वेळा चेंडू आपटून मग बास्केट केली तर तो असिस्ट धरायचा का? हा प्रश्न खरा आहे आणि जिथे जिथे नोंद होते तिथे तिथे तो आहे. नियम एवढाच की पासामुळे थेट बास्केट झाली पाहिजे. त्यात थोडंफार इकडेतिकडे होईल. दोन जणांनी वेगवेगळं मोजून शेवटी ताळा घेतला की फरक फार राहत नाही, मी हे करून पाहिलेलं आहे. स्टीलमध्ये तर वादाला जागाच कमी. जागेचं म्हणाल तर एका निकालाला अर्धी ओळ वाढेल. गरज पडली तर पराभूत संघाच्या खेळाडूचे गुण गाळा, सामन्याची वेळ गाळा, उद्घाटनाला कोण पाहुणे आले होते ते तर जरूर गाळा.

मोजणार कोण, हा खरा अडथळा. त्यावर माझ्याकडे उपाय आहे. प्रत्येक शाळेच्या संघात बारा खेळाडू असतात आणि निदान दोन-तीन मुलं अशी असतात जी सरावाला रोज येतात पण बारात बसत नाहीत. त्यांना एक वही, एक पेन्सिल आणि टेबलाशेजारी एक खुर्ची द्यायची. असिस्ट, स्टील, हातून गेलेले चेंडू, तीन रकाने. मी काही मुलामुलींना हे शिकवलं आहे, दुसऱ्या सामन्यापर्यंत त्यांचा हात बसतो. शिवाय खेळ बघायची त्यांची नजर बदलते, आणि त्यांच्यातूनच उद्याचे पंच आणि प्रशिक्षक मिळतील. शहरातल्या संघटनेलाही माझं हेच सांगणं आहे: प्रत्येक शालेय सामन्याच्या टेबलावर ही खुर्ची सक्तीची करा, आणि त्या वहीच्या पानावर पंचांची सही घ्या, म्हणजे ट्रायलच्या वेळी ते पान फाईलमध्ये लावता येईल. भरती करणाऱ्या कार्यालयांनीही अर्जात गुणांच्या रकान्याशेजारी असिस्टचा रकाना ठेवावा. पण मला अनुभवाने माहीत आहे, पेपरात आलं की सगळे हलतात. म्हणून सुरुवात तुमच्या पानापासून व्हावी ही विनंती.

निकाल कसा दिसावा त्याचा नमुना देते: "अमुक शाळेने तमुक शाळेवर ४८-४१ अशी मात केली. विजयी संघाकडून पहिलीने १९ गुण केले, दुसरीने ९ असिस्ट दिले आणि ५ चेंडू हिसकावले." एवढंच. नवा मोसम पावसाळा सरल्यावर सुरू होईल. मी ज्या सामन्यांना टेबलावर असेन त्यांचं वहीचं पान स्कोअरशीटच्या फोटोबरोबरच पाठवीन. आपलं क्रीडा पान रात्री किती वाजता बंद होतं ते कळवावं, म्हणजे शेवटचा सामना लांबला तरी त्याआधी आकडे आपल्याकडे पोहोचतील अशी व्यवस्था आम्ही करू.

आपली नम्र,
एक गुणलेखिका
नायगाव, दादर (पूर्व), मुंबई